अनुमोदक : ताईबाई मालचे

लोणसरे नगरपालिकेच्या सभेत सगळ्यांत कमी बोलणारा आणि सगळ्यांत जास्त लिहिणारा माणूस म्हणजे हिलाल बडगुजर. सव्वीस वर्षं तो सभेचं इतिवृत्त लिहीत होता. नगराध्यक्ष आले नि गेले. मधे चार वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासक एकटाच सभा घ्यायचा आणि एकटाच ठराव करायचा, तेव्हाही कोपऱ्यातल्या टेबलाशी हिलाल होताच. सभेत कुणी अहिराणीत भांडो, कुणी टेबल बडवो, हिलालच्या वहीतून ते बाहेर पडायचं ते ‘सविस्तर चर्चेअंती असे ठरले की’ अशा धुतलेल्या मराठीत. त्याला याचा अभिमान होता. आजूबाजूच्या नगरपालिकांतले लिपिक ठरावाचा मसुदा दाखवायला त्याच्याकडे यायचे.

त्याच्या हातून जे घडलं ते या सवयीतूनच घडलं, असं तो पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिला. ते अर्धंच खरं होतं.

नगरपालिकेची इमारत पडायला आली होती. पावसाळ्यात रेकॉर्डच्या खोलीत पाणी साचायचं, जन्ममृत्यूची रजिस्टरं हिलाल स्वतः व्हरांड्यात उन्हाला टाकायचा. नवी प्रशासकीय इमारत आणि शेजारी नाट्यगृह बांधायचं ठरलं होतं. सरकार सत्तर टक्के देणार होतं, उरलेले साडेतीन कोटी नगरपालिकेनं उभे करायचे आणि तेही मार्चच्या आत, नाहीतर सरकारचेही पैसे परत. पैसे आणायचे कुठून, एवढ्या एका विषयावर डिसेंबरात विशेष सभा बोलावली गेली.

सभा अडीच तास चालली. घरपट्टी वाढवू या म्हणताच निम्मे नगरसेवक उठून उभे राहिले. नुकतेच निवडून आलेले, पहिल्याच वर्षी लोकांच्या दारात पट्टी वाढवून कोण जाणार? कर्ज काढू या, असं एकजण म्हणाला. त्याला दुसऱ्यानं विचारलं, की पाणीपट्टी वसूल होत नाही तर हप्ता काय नदीतल्या वाळूतून फेडणार? मग नगराध्यक्ष ललितभाऊंनी खिशातून चष्मा काढला. त्यांचं आधीच ठरलेलं होतं, हे हिलालला चष्म्यावरूनच कळलं, कारण तयार मजकूर वाचायचा असला तरच ते तो काढत.

“बाजारपट्टा,” ललितभाऊ म्हणाले. “गावाच्या मधोमध सव्वा एकर जागा. आठवड्यातून एक दिवस वापर. ती विकासकाला तीस वर्षांच्या करारानं दिली, त्यानं गाळे काढले, तर साडेतीन कोटी आगाऊ येतात. कुणाच्या खिशाला हात लावायला नको.”

सगळ्यांना हे एकदम पटलं. कुणाच्या खिशाला हात लागत नव्हता. चहा सांगितला गेला. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून ताईबाई मालचे उभ्या राहिल्या.

ताईबाईंचा वॉर्ड आदिवासी महिलेसाठी राखीव निघाला, म्हणून त्या नगरसेविका झाल्या होत्या. त्यांचे सासरे शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरून मजुरीला आले ते लोणसऱ्यातच राहिले. स्वतः ताईबाई तीस वर्षं बाजारपट्ट्यावर भाजी विकत आणि निवडून आल्यावरही मंगळवारी तिथंच बसत. सही करता येई, वाचता येत नसे. आठ महिन्यांत त्या सभेत एकदाही बोलल्या नव्हत्या.

“इमारत करा,” त्या म्हणाल्या. “मी नही म्हनस नही. पन पट्टानी जागा दिधी ते दीडशे बाया कोठे बसतीन?”

“बाजार बंद नाही होणार ताईबाई,” ललितभाऊ म्हणाले. “नदीपलीकडे नेऊ. मोकळी जागा आहे.”

“तठे भाजी लेवाले कोन यी?”

दोनतीन जण हसले. ताईबाई हसणाऱ्यांकडे न बघता कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळल्या. “मना इरोध शे. हिलालभाऊ, लिखी ल्या.”

हिलालनं लिहून घेतलं. कच्च्या वहीत, त्यांच्याच शब्दांत लिहिलं, कारण शुद्ध करायला वेळ नव्हता. ताईबाई ते लिहून होईपर्यंत उभ्या होत्या. मग बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ललितभाऊंनी त्याला दालनात बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं.

“ठराव सर्वानुमते टाका,” ते म्हणाले.

“भाऊ, ताईबाईंचा विरोध आहे. तसा बहुमतानं होतोच ठराव, सतरा विरुद्ध एक—”

“तो एकच नडतो. फाईल मंजुरीला कलेक्टर ऑफिसला जाणार. ज्या वॉर्डात जागा, तिथलीच नगरसेविका विरोधात दिसली की लावतील सुनावणी. मार्च निघून जाईल. मग बसा तुम्ही रजिस्टरं वाळवत.” ललितभाऊंनी चष्मा खिशात ठेवला. “असं करा, अनुमोदक म्हणून त्यांचंच नाव घाला. वजन पडेल.”

ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला जाहीर पाठिंबा देणारा तो अनुमोदक. विरोध करणाऱ्या बाईला पाठिंबा देणारी करून टाकायचं होतं. हिलालला म्हणता आलं असतं, की भाऊ, हे माझ्यानं होणार नाही. ललितभाऊंनी फार तर त्याला पाणीपुरवठा विभागात टाकलं असतं. मुख्याधिकाऱ्यांकडे दोन नगरपालिका होत्या, ते आठवड्यातून दोनदा यायचे आणि समोर येईल त्यावर सही करायचे. त्यांच्या कानावर घालता आलं असतं. पण हिलालला त्या क्षणी पाण्याचा वास मारणारी रेकॉर्डची खोली दिसली आणि नव्या इमारतीच्या नकाशातला ‘सभा विभाग’ असा कोरडा, खिडकीवाला चौकोन दिसला. “बरं,” तो म्हणाला.

त्यानं ठराव लिहिला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

पुढची सभा जानेवारीत झाली. कुठल्याही सभेत पहिला विषय असतो मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. ते कुणी ऐकत नाही. हिलालनं भराभर वाचलं, बाजारपट्ट्याच्या ठरावाशी आल्यावर ‘वगैरे वगैरे’ म्हणत पान उलटलं, आणि ललितभाऊ म्हणाले, “कायम.” तेव्हा शेवटच्या रांगेतून ताईबाईंनी विचारलं, “भाऊ, मनं लिखं ना?”

हिलालनं मान हलवली. ‘हो’ अशी.

ताईबाईंनी इतरांसारखा हात वर केला, आणि इतिवृत्त कायम झालं.

मार्चमध्ये बाजारपट्ट्याला पत्र्याचं कुंपण पडलं. भाजीवाल्या नदीपलीकडे गेल्या. तिथं सावली नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हतं. दोनच मंगळवार गेले आणि झुलाल चौधरीनं माहितीच्या अधिकारात ठरावाची नक्कल मागितली. झुलाल लसूण-मिरचीचा व्यापारी, जरा वाचणारा-लिहिणारा माणूस. नक्कल हातात पडली तशी त्यानं ती भर बाजारात उभं राहून वाचली. ‘अनुमोदक : सौ. ताईबाई सुकलाल मालचे. ठराव सर्वानुमते मंजूर.’

त्या संध्याकाळी हिलालची बायको ज्योत्स्ना बाजारातून आली ती पिशवी ओट्यावर आपटूनच.

“ऐकलं का? ताईबाईनं गाळा घेतला म्हणे. सात नंबरचा. आपल्याच बायांच्या पोटावर पाय देऊन.”

“कोण म्हणतं?”

“सगळा बाजार म्हणतो. कागदावर आहे तिचं नाव.” ज्योत्स्ना भाजी निवडायला बसली. “वीस वर्षं मी तिच्याकडून वांगी घेतली. भरताची वांगी तिच्यासारखी कुणाकडे नसतात. आज तिच्यासमोरून गेले नि पुढच्या बाईकडून घेतली. ती बघत होती माझ्याकडे.” मग तिला काही आठवलं. “तुम्ही होताच ना सभेत? खरंच अशी बोलली ती?”

हिलाल वर्तमानपत्रात बघत होता. “सभेत इतकं बोलणं होतं,” तो म्हणाला. “कुणाकुणाचं ध्यानात ठेवणार?”

ज्योत्स्नानं त्या वांग्यांचं भरीत केलं. हिलालला दोन घासांपुढे ते गेलं नाही. वांगी जूनच होती, असं ज्योत्स्ना म्हणाली.

शुक्रवारी ताईबाई कचेरीत आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी घडीचा कागद काढला आणि हिलालच्या टेबलावर उलगडला.

“माले वाची दाखाडा भाऊ. झुलालनी वाचं, पन तो मन्हावर रागायेल शे. तुम्ही वाचा.”

हिलालनं वाचलं. दुसरं काय करणार? स्वतःचंच अक्षर होतं. त्यांचं नाव आलं तिथं त्याचा आवाज खाली गेला.

मग त्यांनी जे विचारलं, त्याची हिलालनं कधी कल्पनाच केली नव्हती. त्यांनी भांडण केलं असतं, तर त्याच्याकडे तयार उत्तरं होती.

“त्या दिन मी काय बोलनू व्हतू, भाऊ?” त्यांनी विचारलं. “मी ते नहीच म्हनेल माले याद शे. पन तठे बठ्ठा मोठा लोक. मना तोंडमाईन उलटंच निंघी गयं व्हई का? तुमनी भाषामा त्यान्हा आसा अर्थ व्हस का?”

समोरच्या टेबलावरचा शिपाई वर्तमानपत्र बाजूला करून ऐकत होता. आतल्या दालनात ललितभाऊ होते. हिलालनं कागदाची घडी घातली, पूर्वी होती तशीच, आणि म्हणाला, “होतं असं कधीकधी, ताईबाई.”

“मंग चूक मनीच,” त्या म्हणाल्या. कागद पुन्हा पदराला बांधून त्या जिना उतरून गेल्या. एकेका पायरीवर थांबत गेल्या, कारण गुडघा दुखत होता.

त्या दिवसापासून हिलालचं मन कशात लागेना. नाव फिरवलं ती खोटी नोंद होती. अशा खोट्या नोंदी कचेरीत होतात, आणि त्या वरच्यांच्या नावावर टाकून माणूस झोपतोही. पण एका शहाण्या बाईला तिच्या स्वतःच्या तोंडावर संशय घ्यायला लावणं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यानं केलं होतं.

असे तीनचार आठवडे गेल्यावर त्यानं चार दिवसांची रजा टाकली आणि जळगावला, पिंप्राळ्यात राहणाऱ्या मुलीकडे गेला. दीपमालानं वडील आले म्हणून पुरण घातलं. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता ती सहज म्हणाली, “बाबा, आमच्या सोसायटीच्या मीटिंगचं तुम्हीच लिहून द्या ना. इथं कुणालाच जमत नाही. मी सांगितलंय सगळ्यांना, माझ्या बाबांसारखं लिहिणारा माणूस नाही.”

हिलालनं ताट बाजूला सारलं. दुपारच्या बसनं तो परत निघाला. एक दिवस रजा उरलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

आधी त्यानं ज्योत्स्नाला सांगितलं. ती ऐकत राहिली. पोळी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “आणि मी तिच्यापुढून निघून गेले.” रात्रभर ती त्याच्याशी बोलली नाही. सकाळी मात्र तिनं त्याला चहा दिला आणि विचारलं, “नोकरी जाईल?”

“जाणार नाही. त्रास होईल.”

“होऊ द्या,” ती म्हणाली.

नदीपलीकडच्या मैदानात भाजीवाल्या ओढणी, छत्री, खताची पोती, मिळेल ते डोक्यावर धरून बसल्या होत्या. हिलाल झुलालच्या लसणाच्या ढिगापाशी गेला. ताईबाई कुठे बसतात, असं त्यानं विचारलं.

“बसतील कुठे?” झुलाल म्हणाला. “बायांनी जागाच नाही दिली. पाटी उचलून बाहेर ठेवली. आता मजुरीला जातात म्हणे.”

हिलाल तिथंच उभा राहिला. कचेरीतलं मराठी त्याच्या तोंडात आलं होतं, ‘सदर ठरावाबाबत’ असं काहीतरी. ते त्यानं गिळलं. घरची, आईची बोली त्यानं इतक्या लोकांत कधी काढली नव्हती.

“बाया हो, आयका,” तो म्हणाला. “ताईबाईनी नही म्हनेल व्हतं. सभामा उभी ऱ्हाईसन म्हनेल व्हतं, दीडशे बाया कोठे बसतीन. तिनं नाव मी खोटं लिखं. मनाच हाते लिखं.”

जवळच्या पाचसहा बायांनी माना वळवल्या, त्यांचं पाहून पलीकडच्यांनी वळवल्या. एक म्हातारी मेथीच्या जुड्या लावत होती. ती हात न थांबवता म्हणाली, “आते सांगस का?” हिलालला शिव्यांची अपेक्षा होती. झुलालनं मात्र पिशवीतून वही काढली. “हे तोंडी नको, हिलालआप्पा,” तो म्हणाला. “लिहा. तारीख घाला.”

हिलालनं उभ्याउभ्या लिहिलं. खाली सही केली, हुद्दा घातला. झुलालनं दोन बायांना साक्षीदार म्हणून अंगठे लावायला सांगितलं आणि कागद खिशात घातला. तो कागद कुठे जाणार हे हिलालला कळत होतं. आश्चर्य म्हणजे त्याची भीती वाटली नाही. भीती पुढच्या कामाची होती.

ताईबाई गावाबाहेर एका शेतात कांदा काढत होत्या. बांधावर उभा राहून हिलालनं हाक मारली. त्या विळा घेऊनच आल्या, सावलीला बसल्या, पाणी प्यायल्या. हिलाल बसला नाही. त्यानं सगळं सांगितलं. ललितभाऊंचं सांगितलं, पण त्यांच्या आड लपला नाही. तो म्हणाला की तुम्ही बोललात ते स्पष्ट बोललात, सगळ्या सभागृहाला कळलं, माझ्या कच्च्या वहीत ते तसंच आहे.

ताईबाईंनी विळ्याची माती बोटानं पुसली.

“म्हनजे मी बरोबर बोलनू व्हतू,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तुम्हले याद व्हतं. मी इचारं तव्हय बी याद व्हतं.”

“हो.”

“महिनाभर मी घरमा कोनशी बोलनू नही, भाऊ. बोलाले गयू का वाटे, आते काय उलटं निंघी.” त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या, आणि हिलालनं आधाराला पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. “जा तुम्ही. माले काम शे.”

तो माफी मागायला आला होता आणि माफीचा शब्द तोंडातच राहिला होता. त्या पुन्हा कांद्याच्या ओळीत जाऊन बसल्या तेव्हा तो बांधावरूनच तो शब्द म्हणाला, पण अंतर बरंच होतं, आणि त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

पुढचं सगळं कचेरीच्या रीतीनं झालं. झुलालनं तक्रार केली, धुळ्याहून अधिकारी आले, कच्ची वही जप्त झाली. ललितभाऊंनी जबाब दिला की ठराव कसा लिहायचा हे लिपिकाचं काम, आपण विश्वासानं सही केली. दालनात तेव्हा दोघंच होते आणि दार लोटलेलं होतं, त्यामुळे हिलालकडे पुरावा काही नव्हता. त्याच्या दोन वेतनवाढी कायमच्या बंद झाल्या, आणि त्याला पाणीपट्टी वसुलीला टाकलं. इतिवृत्तात दुरुस्ती झाली. सतरा बाजूनं, एक विरोधात. पण ठराव ठरावच राहिला. सतरा म्हणजे बहुमतच. करार रद्द करायचं कारण नाही, असं वरून लेखी आलं, आणि पावसाळ्याच्या आत गाळ्यांचे खांब उभे राहिले.

एवढं मात्र झालं, की तक्रारीमुळे ललितभाऊ बायांशी जरा नमून बोलू लागले. कुंपणाच्या पश्चिमेच्या कडेला, नालीलगत, सत्तरऐंशी बायांना बसायला पट्टी आखून मिळाली. बाकीच्यांची सोय झाली नाही. ताईबाईंना बायांनी स्वतः बोलावून मधली जागा दिली.

हिलाल त्या रस्त्यानं जायचं टाळू लागला. वसुलीला निघाला की मागच्या गल्लीनं वळसा घ्यायचा. नवीन लिपिकाकडून त्याला कळायचं, की ताईबाई आता दर सभेत बोलतात आणि बोलून झालं की लिपिकाला म्हणतात, काय लिहिलंस ते वाच. तो वाचेपर्यंत सभा थांबते. नवीन लिपिक वैतागून हे सांगायचा. हिलाल ऐकून घ्यायचा.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी ज्योत्स्नाला ताप होता. घरात भाजी नव्हती. हिलाल पिशवी घेऊन निघाला आणि पश्चिमेच्या कडेला गेला. ताईबाईंसमोर दोन गिऱ्हाईकं होती. तो मागे उभा राहिला. पाळी आली तशी त्यांनी वर पाहिलं.

“वांगं?” त्यांनी विचारलं.

“किलोभर.”

त्यांनी वांगी निवडून घेतली. देठ दाबून, एकेक उलटून पाहिलं आणि एक किडकं काढून टाकलं. काटा सरळ धरून तोललं. “जोत्स्नाताई कसी नही उनी?”

“ताप आहे.”

“तिखट नका खावाडू.” त्यांनी कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकल्या, जशा त्या सगळ्यांना टाकत.

हिलालनं पैसे दिले. शेतात न पोचलेला शब्द आता बोलावा म्हणून तो थांबला. तेवढ्यात मागच्या बाईनं हात पुढे करून टमाट्याचा भाव विचारला, ताईबाई तिच्याकडे वळल्या, आणि हिलालला बाजूला व्हावं लागलं.